ताठरतेच्या गोळ्या: त्रास कोणता, धोका कोणता

विचारणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५२, आठ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी रोज चालू. वर्षभरापासून ताठरता पूर्वीसारखी येत नाही, आली तरी टिकत नाही. एका मित्राने त्याच्याजवळची सिल्डेनाफिलची १०० मिलिग्रॅमची गोळी दिली. गुण आला, पण डोकं जबरदस्त दुखलं, चेहरा तापला, नाक चोंदलं आणि दिव्याकडे पाहिलं की निळसर झाक दिसत होती. आता भीती बसली आहे. हृदयावर परिणाम होईल का? डोळे जातील का? सवय लागेल का? आणि डॉक्टरांकडे हा विषय काढायची लाज वाटते, तर न विचारता घेतली तर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. नाही, चालणार नाही. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधलं औषध, १९९८ पासून बाजारात आहे. त्यामागून २००३ मध्ये टाडालाफिल आणि व्हार्डेनाफिल आली, पुढे अव्हानाफिल आली. इतक्या वर्षांत असंख्य पुरुषांनी ही औषधं घेतली आहेत आणि ती कुणाला चालतात, कुणाला चालत नाहीत, हे आम्हाला नीट माहीत आहे. योग्य माणसाने योग्य मात्रेत घेतली तर ती बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. माझ्यासमोर जे गंभीर प्रसंग आले, त्यातल्या बहुतेकांत गोळी कुणापासून तरी लपवलेली होती. हृदयाच्या डॉक्टरांपासून, घरच्यांपासून, किंवा गोळीत नेमकं काय आहे हे खुद्द घेणाऱ्यापासूनच.

आता तुमच्या त्रासांकडे वळू. डोकेदुखी, चेहऱ्याची लाली, चोंदलेलं नाक आणि निळी झाक यांची भीती वाटणं साहजिक आहे, पण हे चारही त्रास या औषधाचे नेहमीचे आहेत. कामेच्छा जागी झाली की शिश्नातल्या नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतं. त्यामुळे तिथे सायक्लिक जीएमपी नावाचं द्रव्य तयार होतं, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, रक्त भरतं आणि ताठरता येते. हे द्रव्य मोडून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, पीडीई-५. गोळी त्या विकराला अडवते, म्हणून रक्त टिकून राहतं. सुरुवात मात्र मनाकडून आणि स्पर्शाकडूनच व्हावी लागते. गोळी घेऊन नुसतं घड्याळाकडे बघत बसलं तर काही होत नाही, आणि इच्छा वाढवण्याचं काम तर ती करतच नाही.

पीडीई-५ शरीरात इतर ठिकाणीही असतं. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या सैल पडल्या की लाली येते, नाकातल्या फुगल्या की नाक चोंदतं, डोक्यातल्या रुंदावल्या की डोकं ठणकतं. जठराच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडल्यामुळे काहींना छातीत जळजळ होते. निळ्या झाकेचं कारण जरा वेगळं. डोळ्याच्या पडद्यात पीडीई-६ नावाचं याच कुळातलं विकर असतं, आणि सिल्डेनाफिल त्यालाही थोडं अडवतं. रंग बदलल्यासारखे वाटतात, प्रकाश डोळ्यांत खुपतो. काही तासांत हे ओसरतं. तुम्हाला झालं ते हेच, यात डोळ्याला इजा झालेली नाही.

हे त्रास मात्रेप्रमाणे वाढतात, आणि तुमची पहिलीच गोळी १०० मिलिग्रॅमची होती. ती सर्वांत मोठी मात्रा. सुरुवात साधारण ५० पासून करतात. वय ६५ च्या पुढे असेल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार असेल किंवा काही विशिष्ट औषधं चालू असतील तर २५ पासून. तुमच्या मित्राला १०० सोसत असतील, पण त्याचं शरीर, त्याचे आजार आणि त्याच्या इतर गोळ्या वेगळ्या आहेत. चोवीस तासांत एकच मात्रा, हा नियम सगळ्यांना सारखा. पहिलीने काम झालं नाही म्हणून तासाभराने दुसरी घेणारे लोक आमच्याकडे भोवळ येऊन येतात. डोकेदुखीला साधी पॅरासिटामॉल चालते.

टाडालाफिलचा एक त्रास वेगळा सांगायला हवा, कारण लोक त्याने फार घाबरतात. गोळी घेतल्यावर बारा ते चोवीस तासांनी कंबर आणि मांड्या दुखू लागतात. मूत्रपिंड बिघडलं या भीतीने माणूस सोनोग्राफी करून येतो, आणि रात्री घेतलेल्या गोळीचा उल्लेखच करत नाही. साधारण दोन दिवसांत हे दुखणं आपोआप थांबतं. टाडालाफिलचा परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहू शकतो, सिल्डेनाफिलचा चार-पाच तास. त्यामुळे त्रासही त्याच हिशेबाने रेंगाळतो. सिल्डेनाफिल भरपेट तेलकट जेवणावर घेतलं तर उशिरा आणि कमी लागू पडतं, टाडालाफिलला जेवणाने फरक पडत नाही.

इथपर्यंत झाली त्रासाची गोष्ट. यापुढचं मात्र नीट वाचा, इथे जीव जाऊ शकतो.

छातीत दुखण्यासाठी, म्हणजे अँजायनासाठी, नायट्रेट गटाची औषधं देतात. नायट्रोग्लिसरीनची जिभेखाली ठेवायची गोळी किंवा फवारा, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, छातीवर चिकटवायची पट्टी. निकोरॅन्डिलही याच हिशेबात धरायचं. ही औषधं शरीरात नायट्रिक ऑक्साइडचा पुरवठा वाढवतात, म्हणजे सायक्लिक जीएमपी भराभर तयार होतं. ताठरतेची गोळी तेच द्रव्य मोडू देत नाही. एकीकडून भर, दुसरीकडून निचरा बंद. सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदयाला स्वतःलाच रक्त पुरत नाही. या जोडीत कमी मात्रा, अर्धी गोळी, चार तासांचं अंतर असली कुठलीही तडजोड चालत नाही. नायट्रेट चालू असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही. फुफ्फुसातल्या रक्तदाबासाठी दिलं जाणारं रिओसिग्वाट आणि नशेसाठी हुंगले जाणारे पॉपर्स, म्हणजे अमिल नायट्राइट, यांनाही हाच नियम.

याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला आज अँजायना नाही, नायट्रेट नाही, म्हणून गोळी चालते. पण गोळी घेतलेल्या रात्रीच छातीत दुखायला लागलं तर? रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात छातीत दुखणाऱ्या माणसाला जिभेखाली नायट्रेट देणं हा नित्याचा उपचार आहे. असा एक प्रसंग मला स्पष्ट आठवतो. साठीच्या आसपासचे गृहस्थ, घामाघूम, मुठीने छाती दाबून धरलेली. शेजारी पत्नी आणि मोठा मुलगा. नर्सच्या हातात गोळी तयार होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काका, लैंगिक संबंधासाठी काही गोळी घेतली आहे का?’ ते जोरजोरात मान हलवून नाही म्हणाले. डॉक्टरांनी दोघांना कागद करायला म्हणून बाहेर पाठवलं, पडदा ओढला, खाली वाकून तोच प्रश्न पुन्हा हळू आवाजात विचारला. तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘काल रात्री. लांब चालणारी.’ म्हणजे टाडालाफिल. नायट्रेट बाजूला ठेवलं, दुसऱ्या औषधांनी उपचार सुरू झाले, ते वाचले. पडदा ओढायचं त्या डॉक्टरांना सुचलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो.

सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल घेतल्यानंतर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर निदान ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. म्हणून गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ घरातल्या एका तरी माणसाला माहीत असावी. छातीत दुखू लागलं तर आल्या आल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं. उपचार अडत नाहीत, फक्त औषध बदलतं.

तुमची रक्तदाबाची गोळी कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर ही औषधं सहसा चालतात, रक्तदाब थोडासा आणखी उतरतो इतकंच. अल्फा ब्लॉकर गटाचं तसं नाही. प्राझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन आणि प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं टॅम्सुलोसिन. यांच्याबरोबर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, म्हणून आधी त्या औषधावर शरीर स्थिर होऊ द्यायचं आणि मग ताठरतेची गोळी सर्वांत कमी मात्रेने सुरू करायची. प्रोस्टेटचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज, हा प्रोस्टेट वाढल्यामुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावरचाही उपचार आहे. पन्नाशी-साठीतले कितीतरी पुरुष ही गोळी ‘लघवीची गोळी’ म्हणून घेत असतात आणि त्यावर मित्राकडची सिल्डेनाफिल घेतात. एकाच गटाची दोन औषधं पोटात जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. गोळीच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचायची सवय लावा. कंपनीने दिलेलं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं नाव वाचा.

काही औषधं यकृतात या गोळीचा निचरा मंदावतात, आणि मग ५० मिलिग्रॅमचा परिणाम कितीतरी पटीने जास्त होतो. बुरशीवरची केटोकोनाझोल आणि इट्राकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर ही त्यातली ठळक. दारूबद्दल सगळे विचारतात. थोडी घेतली तर आकाश कोसळत नाही, पण जास्त घेतली तर रक्तदाब उतरतो, आणि दारूने ताठरता मुळातच बिघडते.

हृदयाबद्दलची तुमची भीती मी मुद्दाम मागे ठेवली. गोळी निरोगी हृदयाला इजा करत नाही. सिल्डेनाफिलचा जन्मच अँजायनावरचं औषध शोधताना झाला. तिथे ते फारसं उपयोगी ठरलं नाही, आणि हा दुसरा गुण लक्षात आला. संबंधाच्या वेळी हृदयाला पडणारा ताण मात्र खरा असतो. वर्षानुवर्षं हालचाल नसलेल्या, आतून रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला तो ताण झेपत नाही. दोन मजले जिने न थांबता, छातीत न दुखता, दम न कोंडता चढता येत असतील तर बहुतेक वेळा संबंधाचा ताण झेपतो. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, बसल्या बसल्या छातीत दुखत असेल, हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडत असतील, रक्तदाब ९०/५० च्या खाली किंवा १७०/११० च्या वर असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत गोळीही नको आणि संबंधही नको.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला गोळीची वाटली नाही. ती होती: वय ५२, आठ वर्षं मधुमेह, वर्षभरापासून ताठरता कमी. शिश्नाच्या रोहिण्या साधारण एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या तीन ते चार. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बिघाड सुरू झाला, चरबीचे थर बसू लागले, तर बारीक वाहिनी आधी तक्रार करते. हृदयाचा त्रास दिसण्याआधी दोन-तीन, कधी पाच वर्षं ताठरतेची अडचण सुरू झालेली असते. हा एवढा मोठा अवधी शरीराने तुम्हाला दिलेला असतो, आणि मित्राकडून गुपचूप घेतलेली गोळी तो गिळून टाकते, कारण ताठरता आली की माणूस तपासणीला जातच नाही. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची तपासणी, ईसीजी, सकाळी घेतलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर चालत्या पट्ट्यावरची तपासणी, हे सगळं व्हायला हवं. तंबाखू असेल तर ती सोडणं हा ताठरतेवरचाही उपचार आहे. कधीकधी मूळ कारण दुसऱ्याच गोळीत सापडतं. रक्तदाबासाठीची काही जुनी बीटा ब्लॉकर आणि थायाझाइड औषधं, तसंच नैराश्यावरची काही औषधं ताठरता कमी करतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, पण डॉक्टर बदलून देऊ शकतात.

डोळे जातील का, हेही विचारलं आहे. निळी झाक वेगळी आणि हे वेगळं. फार क्वचित, दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटून एका डोळ्याची दृष्टी न दुखता जाते, बऱ्याचदा सकाळी उठल्यावर कळतं. ही गोळी घेणाऱ्यांत असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. पण मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू यांनीही हाच विकार होतो, त्यामुळे दोष कुणाचा हे एकेका रुग्णात ठरवणं अवघड असतं. तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की डोळ्याच्या पडद्याची मधुमेहासाठीची वार्षिक तपासणी चुकवू नका. एका डोळ्याला पूर्वी असा झटका आलेला असेल किंवा रेटिनायटिस पिगमेंटोझा हा आनुवंशिक आजार असेल तर ही औषधं टाळायची. दृष्टी किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं तर गोळी बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर ती आणीबाणी समजायची. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो, पेशी मरू लागतात आणि नंतर ताठरता कायमची जाऊ शकते. नुसत्या गोळीने हे क्वचित होतं. शिश्नात टोचायच्या इंजेक्शनांनी किंवा सिकलसेलसारख्या रक्ताच्या आजारात जास्त. पण होतं तेव्हा लोक लाजेने सकाळपर्यंत थांबतात, बर्फ लावतात, आणि येतात तेव्हा उशीर झालेला असतो. सुईने रक्त काढून आणि औषध टोचून हा त्रास वेळेत आल्यास उतरवता येतो.

‘आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि कॅप्सूल यांची मला मूळ गोळीपेक्षा कितीतरी जास्त धास्ती वाटते. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडं मिसळलेली वेगवेगळ्या देशांच्या औषध नियामकांना वारंवार सापडली आहेत. नायट्रेट घेणारा माणूस जडीबुटी समजून ती घेतो. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० जण रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याने रुग्णालयांत दाखल झाले. बहुतेकांच्या रक्तात ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे मधुमेहाचं औषध सापडलं. ते आलं होतं कामशक्तीच्या नकली गोळ्यांतून. चौघे दगावले. तुम्ही आधीच साखर उतरवणारी औषधं घेता. अशी एखादी गोळी तुमच्या पोटात गेली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

सवयीचं म्हणाल तर शरीराला ही गोळी लागत नाही. बंद केली तर ताठरता आधी होती तिथे परत येते, त्याहून खाली जात नाही. मनाला मात्र लागू शकते, विशेषतः तरुणांना. ज्यांच्या रक्तवाहिन्या उत्तम आहेत, ज्यांना सकाळी आपोआप ताठरता येते, ते पहिल्या रात्रीच्या धास्तीने गोळी घेतात आणि मग गोळीशिवाय जमणारच नाही असं धरून बसतात. त्यांना समुपदेशनाचा उपयोग जास्त होतो. तुमच्या वयात, मधुमेहात, हा प्रश्न फारसा येत नाही.

आता करायचं काय. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या, वेदनेच्या, कुणी दिलेल्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन जा. मधुमेहासाठी ज्यांच्याकडे जाता त्या डॉक्टरांनाच सांगा. शब्द सुचत नसतील तर हे वाक्य पुरतं: ‘वर्षभर ताठरता येत नाही, मी सिल्डेनाफिल १०० एकदा घेतलं आहे.’ मधुमेही पुरुषांत ही तक्रार इतकी सर्रास असते की डॉक्टरांना त्यात नवल वाटणार नाही. तपासण्या ठीक आल्या तर बहुधा तुम्हाला सिल्डेनाफिल ५० किंवा रोजची टाडालाफिल ५ लिहून मिळेल. एकदा-दोनदा गुण आला नाही म्हणून सोडू नका, योग्य मात्रेवर, योग्य वेळी, निदान सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय ती फोल म्हणता येत नाही. त्यानंतरही जमलं नाही तर व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शन आहे, शस्त्रक्रियेने बसवायचं रोपण आहे. पत्नीला हे सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी सांगा असंच म्हणेन, कारण रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर गोळीचं नाव तिलाच सांगावं लागेल. मित्राकडच्या उरलेल्या गोळ्या तपासणी होईपर्यंत घेऊ नका.